नाव कानाजवळ

कपाला दांडा नसतो, कान असतो.
नाव मी नेहमी कानाजवळच कोरते,
बारशाला आत्या सांगते तसं.
फक्त कुर्र करत नाही.

माती थानगडहून येते, गोण्यांतून.
सासरे असते तर म्हणाले असते,
गंगा दारात, आणि माती विकत?
पण गंगेचा गाळ बाराशे अंशांना टिकत नाही,
फळीवर खिरीसारखा पसरतो.
हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

सातपूरच्या शेडमध्ये या महिन्याची वही:
शरणपूरच्या ग्रेसबाईंना क्रूस, साधा, वेलबुट्टी नको.
चौक मंडईच्या शिरीनला चंद्रकोर,
तिच्या मैत्रिणीलाही चंद्रकोर, पण कपाळावरची.
कोर तीच. मी फक्त आडवी केली.
पांडवलेण्याच्या पायथ्याचे भालेराव चक्राचे आरे मोजून घेतात.
माझे तेवीस भरले.
तो मग आता माझा, त्यात ब्रश असतात.

गायधनी काकूंनी ॐचे सहा नेले
आणि आठ दिवसांत परत आणले.
देवाला ओठ लागतात गं, उष्टं होतं.
मग तळाला काढू?
म्हणजे टेबलावर टेकणार?
आतून?
चहात बुडवतेस?
कानावर?
तिथं अंगठा.
शेवटी सहाही घरी गेले ते देवघरात.
एकात उदबत्त्या आहेत म्हणे.
बाकीच्या पाचांत काय, मी विचारलं नाही.

आव्हाड आजोबा नाशिकरोडहून रिक्षानं आले,
प्रेसमधून रिटायर, शर्टाची वरची गुंडी लावलेली.
सोबत गयाबाई.
म्हणाले, घरातला कुठलाच कप हिला आपला वाटत नाही.
पाहुणीसारखी बसते पलंगाच्या कडेला.
चहा घे म्हटलं की म्हणते,
नको, आत्ताच घेऊन आले.
नाव घालू ना? मी पेन्सिल उचलली.
नाव नको. शाळेत गेलीच नाही ती.
हे घाला,
आणि त्यांनी तिची बाही वर सारली.

तुळशीवृंदावन.
वणीच्या जत्रेत गोंदलेलं, लग्नाआधी.
निळं होतं ते हिरवं झालेलं,
रेघा सुजून एकमेकींत शिरलेल्या,
पान कुठलं, पायरी कुठली, कळेना.
तिनं हात दिला, कासाराला देतात तसा,
मान दुसरीकडे वळवून.
मी ट्रेसिंगचा कागद ठेवला.
कागदाखाली कातडी सरकायची,
वृंदावन चार पावलं चालायचं, थांबायचं.

रेघ कशी ओढू, मी विचारलं,
सुईनं काढली होती तशी बारीक,
की आत्ता आहे तशी?
ते चष्मा पुसत राहिले.
छत्तीस वर्षं नोटांच्या रेघा तपासल्या,
केसभर हलली की कागद रद्द.
बराच वेळ पुसला चष्मा.
आहे तशीच, म्हणाले.

तीन घडवले. एकाचा कान भट्टीत गळाला.
दुसरा आतून तडकला.
तिसऱ्यात कोबाल्ट चकाकीत जरा धावला,
एरवी मी असा माल बाजूला काढते.

द्राक्षांच्या पेटीतल्या कागदात गुंडाळून ठेवला होता,
तो त्यांनी तिथंच सोडवला.
गयाबाईंनी मग हातात घेतला,
हात मगाजवळ नेला, मग हाताजवळ,
आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,
यातलं आधीचं कुठलं?
हातावरचं, आजोबा म्हणाले.
हो का.
त्या अंगठा फिरवत राहिल्या
जिथं पायऱ्या संपतात तिथं.
फार दुखलं असेल हो,
आणि मगावर हळूच फुंकर घातली.

चहा अजून यायचा होता.